चार नंबरचा फेडर

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नंतर लिहायला बसलो तर कारणं आधी सुचतील आणि चूक त्यांच्यामागं लपेल. भूपालअण्णा मगदूम सहा वर्षं आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत होते. त्या सहा वर्षांत त्यांचा आवाज समोर बसलेल्या एकाही माणसाला ऐकू गेला नाही. गिटार बिघडलेली नव्हती. वायर तुटलेली नव्हती. मी फेडर खाली ठेवला होता.

मी सांगलीत साउंडचं काम करतो. लग्न, स्नेहसंमेलन, निवृत्तीचा समारंभ, काहीही असो; स्पीकर माझे, माईक माझे, मिक्सर माझा. मिक्सर म्हटलं की लोकांना चटणी आठवते, म्हणून थोडं सांगतो. स्टेजवरच्या प्रत्येक वाद्याची आणि माईकची वायर माझ्या टेबलावरच्या मिक्सरला येते. प्रत्येक वायरला एक नंबर, त्याला आम्ही चॅनेल म्हणतो. प्रत्येक चॅनेलला एक वरखाली सरकणारं बटण असतं, तो फेडर. फेडर वर केला की आवाज लोकांसमोरच्या मोठ्या स्पीकरला जातो, त्याला 'मेन' म्हणतात. याशिवाय वाजवणाऱ्याच्या पायाशी एक तिरका डबा असतो, तो मॉनिटर. त्यात त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. मॉनिटरची बटणं वेगळी असतात. म्हणजे एखादा माणूस मॉनिटरमध्ये स्वतःला झकास ऐकत वाजवत राहू शकतो आणि लोकांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही, असं होऊ शकतं.

अण्णांचं चॅनेल चार नंबरचं.

सुरुवात तासगावच्या एका मंगल कार्यालयात झाली. वर पत्र्याचं छत. अण्णांचा ऑर्केस्ट्रातला तो पहिलाच कार्यक्रम. त्यांनी खालची जाड तार छेडली की सगळं छत खडखडायचं. नवरीचे मामा तरातरा माझ्याकडं आले.

"ओ साउंडवाले, पत्रं काढायला आलाय का गाणी ऐकवायला?"

मी चार नंबर खाली ओढला. खडखड थांबली. पण खालचा आवाज गेला की गाणं पोकळ लागतं. आमचे कीबोर्ड वाजवणारे आणि ऑर्केस्ट्राचे प्रमुख शेखरसर. बेस गिटार नव्हती तेव्हापासून डाव्या हातानं खालचे सूर हळू वाजवायची त्यांना सवय. मी त्यांच्या चॅनेलवरचं 'लो'चं, म्हणजे खालच्या सुरांचं, बटण वाढवलं. डाव्या हाताचे सूर समोर जाड होऊन गेले. छत गप्प, मामा खूश. कार्यक्रम संपल्यावर अण्णांनी विचारलं, "कसं झालं?"

"ए-वन," मी म्हणालो.

नवीन माणसाला पहिल्या दिवशी नाराज करायचं नव्हतं. पुढच्या कार्यक्रमाला मिक्सर उघडला तेव्हा सगळी बटणं गेल्या वेळी होती तिथंच होती. मी तशीच ठेवली. त्याच्या पुढच्यालाही. वाईट हेतू नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. सवय झाली होती इतकंच. पण समोर पत्रा नसतानाही माझा हात चार नंबरवर कधी गेला नाही, हेही तितकंच खरं.

आता अण्णांविषयी. तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. वय अठ्ठावन्न. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. दिवसभर बेदाण्याची प्रतवारी बघायची आणि घरी येऊन गिटारची. गिटारवर त्यांचा जीव. तारा जुन्या होऊन मुक्या पडल्या की ते त्या काढून पातेल्यात उकळायचे. तारांत बसलेला घाम आणि मळ निघतो, आवाज परत फुटतो. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी आम्हाला सांगायच्या, "भावजी, आमच्यात पाव्हणं आलं की मी आधी पातेलं हुंगते. भाताचं हाय का तारंचं."

प्रत्येक बदलानंतर अण्णा सगळ्यांना विचारायचे, "काय फरक जाणवला का?" आणि प्रत्येक वेळी चेष्टा व्हायची. ड्रम वाजवणारा यासीन मिरजेचा, जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, "जाणवला की अण्णा! केस कापलेत." गाणाऱ्या वैशालीताई म्हणायच्या, "अण्णा, शर्ट नवा आहे ना?" अण्णा हसायचे. मग माझ्याकडं वळायचे. मी समोर बसणारा, मी जाणकार.

"ए-वन," मी म्हणायचो.

गेल्या वर्षी त्यांच्या गिटारची दांडी वाकली. यासीनच्या मामूंचं मिरजेत सतारीचं दुकान आहे. अण्णा गिटार घेऊन तिथं गेले. मामूंनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "असली आडदांड सतार पहिल्यांदाच बघतोय." तरी त्यांनी दांडी सरळ केली. वर खुंट्यांच्या खाली जी प्लॅस्टिकची पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा जातात, ती काढून हाडाची बसवली. आणि कानस घेऊन तिला जवारी केली. सतारीच्या घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, ते तसंच करतात. तार जिथं टेकते तिथं इतका बारीक उतार द्यायचा की तार त्याला घासून जाईल न जाईल. त्यानं सूर उघडतो आणि लांबतो. ही पट्टी मोकळ्या तारेलाच लागू पडते, म्हणून अण्णांच्या चार मोकळ्या तारा आता वेगळ्याच बोलू लागल्या. असं अण्णा म्हणत होते. मी ऐकलं नव्हतं. मी कसा ऐकणार?

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम सांगलीत, एका कॉलनीच्या मैदानात. अण्णा नवीन नवरदेवासारखे आले होते. सोबत सुनंदावहिनी आणि सगळ्यांसाठी डबाभर बेदाणे. मैदानावर छत नव्हतं. पत्रा नव्हता. चार नंबर वर करायला काहीच अडचण नव्हती. मी केला नाही.

संपल्यावर अण्णा स्टेजवरून थेट माझ्याकडं आले. घाम पुसायचंही भान नाही.

"त्या दुसऱ्या गाण्यात मोकळी तार सोडून दिलेली, ऐकलंस?"

"ऐकलं की."

"लांबली न्हवं?"

"लय गोड, अण्णा. ए-वन."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला. तो स्पर्श मला अजून आठवतो आणि अजून नकोसा होतो.

वहिनींनी तिसऱ्या रांगेतून मोबाईलवर शूटिंग केलं होतं. दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला.

"दिलीप, व्हिडिओ बघितला. माझं काहीच ऐकू येत न्हाई रं. सरांचा डावा हात तेवढा ऐकू येतोय. मी कुठंच न्हाई."

कबूल करायची एवढी चांगली वेळ परत मिळणार नव्हती. मी म्हणालो, "अण्णा, मोबाईलच्या माईकला खालचे सूर पकडता येत नाहीत."

हे अर्धं खरं आहे. आमच्या धंद्यात अर्धं खरं फार कामाला येतं. पण त्याच मोबाईलनं सरांचा डावा हात पकडला होता, हे अण्णांच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल, पण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

महिन्याभरानं साताऱ्याचा कार्यक्रम ठरला. माजी सैनिकांचा सहकुटुंब मेळावा, रविवारी सकाळी अकरा वाजता. त्याच्या तालमीला अण्णा आले, गिटार जुळवली आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "सातारा झाला की मी थांबतो."

"चहाला?" यासीननं विचारलं.

"न्हाई रं. कायमचा. गिटार मामूंच्या दुकानात ठीवतो. भिंतीला शोभंल."

शेखरसरांनी कारण विचारलं.

"कारण काय न्हाई, सर. सहा वर्षं इचारतोय, फरक जाणवला का. एकानं धड सांगितलं न्हाई. घरचं माणूस तिसऱ्या रांगेत बसून म्हणतंय, तुमी कवा वाजवत हुता? मोबाईलला ऐकू येत न्हाई म्हणं. मोबाईलला न्हाई तर माणसाला तरी कुठलं? राग न्हाई कुणावर. पण आता मनगट दुखतंय, आन् कशासाठी दुखतंय ते कळंना."

माझ्यासमोर चहाचा कप होता. मी तो पीत राहिलो.

साताऱ्याला आम्ही सांगलीतून एकाच गाडीनं पहाटे निघालो. अण्णा फक्त गिटार घेऊन आले होते. एरवी त्यांच्यासोबत त्यांचा स्वतःचा ॲम्प असायचा. ॲम्प म्हणजे स्पीकरची चौकोनी पेटी, ते ती स्टेजवर आपल्या पाठीमागं ठेवायचे; तिचा आवाज स्टेजपुरताच. तासगावातून एसटीत मागच्या सीटखाली घालून आणायचे ते.

"पेटी कुठाय, अण्णा?" यासीननं विचारलं.

"शेवटचा कार्यक्रम. कशाला उगं वझं? मॉनिटर हाय की पायाशी."

नऊ वाजता हॉलमध्ये साउंड चेक सुरू झाला. कार्यक्रमाआधी सगळं वाजवून आवाज जुळवतो, तो साउंड चेक. हॉल चांगला होता, भिंतींना जाड पडदे, कुठं घुमणं नाही. पहिलं गाणं सुरू झालं. अर्ध्या मिनिटात यासीन थांबला.

"अण्णा कुठं गेले?"

"हितंच हाय की," अण्णा त्याच्यापासून चार फुटांवर उभे होते.

"तुमी हाय. तुमचा आवाज कुठाय?"

"माझ्या मॉनिटरमधी येतोय."

"मला न्हाई येत. मला तुमचं खालचं मिळालं न्हाई तर मी पाय कुणावर टाकू?" पाय म्हणजे त्याचा मोठा ड्रम, तो पायानं वाजतो. "आज काय माझी मिरज-पंढरपूर पॅसेंजर झालीय. वाटंल तिथं थांबतोय."

परत सुरू केलं. आता वैशालीताई थांबल्या.

"सर, मला सूर सापडेना. कडवं उचलायच्या आधी अण्णांची मोकळी तार असते ना, मी तिच्यावरून उचलते. आज तिथं खड्डाच आहे."

शेखरसरांनी हात थांबवले. "मलाही पातळ लागतंय. अण्णा, तुमची पेटी नाही म्हणून."

अण्णा एकेकाकडं बघत होते.

"तू माझ्या तारंवरनं सूर घेतीस, ताई?"

"कधीपासून! आणि मिरजेहून आल्यापासून ती तार लांबते, त्यामुळं मला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मी त्या गाण्यात एक जागा वाढवलीय त्याच्यावर. तुम्हाला वाटलं काय, माझा घसा सुधारला?"

"आन् तारा उकळल्या की दोन कार्यक्रम तुमचा आवाज कडक असतो," यासीन म्हणाला. "तवा मी ड्रममधी उशी घालतो. तिसऱ्या कार्यक्रमाला काढतो. इचारा मामूंना, उशी त्यांच्याच दुकानातली हाय."

अण्णांचा चेहरा असा झाला, जणू कुणी तरी त्यांच्याच घरातली त्यांनी कधी न उघडलेली खोली त्यांना दाखवत आहे.

"मग भाड्यांनो, इचारलं तवा सांगितलं का न्हाई?"

"तुमी रोज इचारता!" यासीन ओरडला. "बायकोनं रोज इचारलं भाजी कशी झाली, तर कोण सांगतंय? ताट चाटूनपुसून खातोय ते दिसत न्हाई का?"

स्टेजवर सगळे हसले. अण्णाही हसले. मी पन्नास फुटांवर मिक्सरच्या मागं बसलो होतो. मला हसू येईना. स्टेजवरच्या सगळ्यांना तारेची चव माहीत होती. त्यांचं ते काम नव्हतं. माझं होतं. सहा वर्षांत ज्यानं एकदाही ऐकलं नव्हतं तो एकटा मी.

शेखरसर माईकवर म्हणाले, "दिलीपराव, सगळ्यांच्या मॉनिटरमध्ये अण्णा द्या."

दिले. गाणं परत सुरू झालं. एका क्षणात चौघंही एका वाटेला लागले. यासीनचा पाय बसला. ताईंनी जागा घेतली. सर मान डोलवू लागले. आणि मी, कुणी बघत नाही असं बघून, चार नंबरचा फेडर हळूहळू वर केला. सोबत सरांच्या चॅनेलवरचा 'लो' उतरवला.

तो आवाज कसा होता ते सांगतो. जाड होता, पण जड नव्हता. मोकळी तार वाजली की आधी नुसता गोल सूर, आणि मग त्याच्या मागून एक बारीकशी झिणझिण, तानपुऱ्यासारखी, विरत विरत जाणारी. मामूंच्या कानशीचं काम. रिकाम्या खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये मी सहा वर्षांत पहिल्यांदा भूपालअण्णांना ऐकत होतो. माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच शरमही वाटली.

गाणं संपलं. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघितलं.

"दिलीप, समोर कसं हाय?"

"ए-वन," मी म्हणालो.

हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा खरा होता. पण मी तो इतका वापरून घासून टाकला होता, की अण्णांना त्यात काहीच नवीन दिसलं नाही. त्यांनी मान हलवली, आणि बाजूला उभ्या असलेल्या शेखरसरांना म्हणाले, "शेवटच्या गाण्याआधी मला दोन शब्द बोलू द्या. स्टेजवरच्या माणसांना पोचत हुतं, बरं वाटलं. पण लोकांपर्यंत न्हाई जात, तर आपण आपल्यातच किती दिवस वाजवायचं?" त्यांच्यासमोर माईक चालू होता. मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

अकराला हॉल भरला. निवृत्त जवान, हवालदार, सुभेदार, त्यांच्या बायका, सुना, नातवंडं. आधी सगळे शिस्तीत बसले होते. तिसऱ्या गाण्याला मागच्या रांगेत दोघं उठले. पाचव्याला मधली मोकळी जागा भरून गेली. एक आजी काठी नातवाकडं देऊन नाचायला गेल्या. इतकी वर्षं याच गाण्यांवर लोक टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी लोकांचे पाय हलत होते. मला कारण माहीत होतं. माझ्या उजव्या हाताच्या बोटाखाली होतं.

एक पांढऱ्या मिशांचे सुभेदार माझ्या टेबलाशी आले.

"ओ साउंडवाले, त्यो जाड आवाज कोण काढतंय?"

"ते कोपऱ्यातले. निळा शर्ट."

"तोफ लांबनं डागली की आधी पोटाला कळतं, मग कानाला. तसं व्हतंय बगा. चांगला गडी हाय." आणि ते परत नाचायला गेले.

मी कागद घेतला, हे वाक्य लिहिलं आणि खिशात ठेवलं. नंतर अण्णांना सांगू, असं म्हणालो. नंतर. माझं सगळं नंतरच असतं.

शेवटच्या गाण्याआधी शेखरसर माईकवर आले. "आमचे बेस गिटारवादक भूपाल मगदूम आज आमच्यासोबत शेवटचं वाजवतायत. ते दोन शब्द बोलतील." वैशालीताई खाली बघत होत्या. अण्णा गिटार सावरत माईककडं निघाले. सहा पावलांचं अंतर असेल.

माझ्या टेबलावर एक छोटा माईक असतो. त्याचं बटण दाबून बोललं की आवाज फक्त स्टेजवरच्या मॉनिटरमध्ये जातो. लोकांना ऐकू येत नाही. 'ताई, माईक जवळ घ्या', 'सर, दोन मिनिटं राहिली' अशा सूचनांसाठी तो असतो. माझा अंगठा बटणावर होता. दाबला.

"अण्णा, थांबा."

चौघंही पायाशी बघू लागले.

"लोकांपर्यंत पोचत नव्हतं ते तुमच्यामुळं नाही. तासगावच्या पहिल्या कार्यक्रमापासून चार नंबर खाली होता. मी ठेवला होता. व्हिडिओत तुम्ही नव्हता, कारण मी तुम्हाला मेनला सोडलंच नव्हतं. आज सकाळी पहिल्यांदा वर केला. हे सगळे कशानं नाचतायत ते बघा. आणि मग काय ते ठरवा."

बटण सोडलं. समोरच्या लोकांना एवढंच दिसलं की चार कलाकार माना खाली घालून जमिनीकडं बघत उभे आहेत. काहींना वाटलं, कुणाला तरी श्रद्धांजली आहे. मागच्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या.

अण्णा माईकपाशी पोचले. माझ्याकडं बघितलं. मग लोकांकडं.

"दोन शब्द बोलणार हुतो," ते म्हणाले. "विसरलो. गाणं वाजवतो."

आणि त्यांनी मोकळी तार सोडली. नुसती ती एक तार. पूर्ण विरेपर्यंत ते तिच्याकडं कान देऊन उभे राहिले, आणि हॉलमधला एकही माणूस हलला नाही. मग यासीननं पाय टाकला.

परतीच्या गाडीत अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना आनंद झाला होता, ते दिसत होतं. खिडकीवर बोटं वाजत होती. पण माझ्याकडं पाठ होती. मी सुभेदारांच्या वाक्याचा कागद त्यांना दिला. त्यांनी वाचला, घडी केली, खिशात घातला. कराडला चहाला थांबलो तेव्हा ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पत्रं वाजत हुतं म्हणून खाली केलास?"

"पहिल्या दिवशी. नंतर नुसतंच."

"मला सांगायचंस. मी हलकं वाजवलं असतं."

"हो."

"मी तुला सहा वर्षं इचारत हुतो, दिलीप. बाकीच्यांना चेष्टंत इचारायचो. तुला खरं इचारायचो."

मी काही तरी पुटपुटलो. चुकलं, माफ करा, असंच काही तरी.

"आत्ता न्हाई," अण्णा म्हणाले. "मघाशी त्या डब्यात बोललास. लोकांना ऐकू गेलं न्हाई. आता हितं चहाच्या टपरीवर बोलतोयस. सहा वर्षं मला मेनला सोडलं न्हाईस, आन् माफी बी मॉनिटरमधीच मागतोस व्हय? पुढचा कार्यक्रम तासगावात हाय. त्याच कार्यालयात. तुझी वैनी तिसऱ्या रांगंत असंल. माफी मेनला सोड."

यासीनच्या नाकातून चहा आला.

"म्हणजे अण्णा, तुम्ही थांबत नाही?" वैशालीताईंनी विचारलं.

"माफी ऐकल्याबिगर कसा थांबू?"

तासगावच्या कार्यक्रमाला मी तीन तास आधी गेलो. छत तेच होतं. अण्णांना एकेक सूर वाजवायला सांगितला. सगळ्या सुरांनी पत्रा खडखडत नव्हता. एकाच सुरानं, त्याच्या आसपास. मिक्सरवर तेवढ्याच सुरांचा पट्टा कमी करायचं बटण असतं. मी तो कमी केला. पत्रा गप्प झाला, बेस तसाच राहिला. या सगळ्याला दहा मिनिटं लागली. आमच्या धंद्यातला धडा विचाराल तर हाच, आणि तो काही मोठा नाही. दहा मिनिटांचं काम टाळलं की ते आपोआप संपत नाही. ते दुसऱ्याच्या वाट्याला जातं, आणि त्याला ते कळतही नाही.

कार्यक्रम सुरू झाला. दोन गाणी झाल्यावर शेखरसरांनी मला स्टेजवर बोलावलं. आयुष्यभर मी माईकवर 'चेक, वन, टू' याशिवाय काही बोललेलो नाही. तिसऱ्या रांगेत सुनंदावहिनी मोबाईल धरून बसल्या होत्या. खाली मिक्सरपाशी, माझ्या खुर्चीत, अण्णा जाऊन बसले होते. माझ्या माईकचा फेडर त्यांच्या बोटाखाली होता. त्यांनी तो पूर्ण वर केला आणि मला ऐकू यावं म्हणून ओरडले, "बोल! ए-वन येतंय!"

मी बोललो. पाठ करून गेलो होतो, तरी वाक्यं पाठ केली होती तशी आली नाहीत.

"मी दिलीप. साउंडवाला. हे भूपाल मगदूम, तुमच्याच गावचे. सहा वर्षं हे तुमच्यासमोर वाजवतायत, आणि तुम्हाला ते ऐकू आलं नाही. वहिनी, तुम्ही म्हणालात की काही ऐकू येत नाही, ते बरोबर होतं. मोबाईल चांगला आहे तुमचा. यांचा आवाज मी बंद ठेवला होता. हे मला विचारायचे, आणि मी न ऐकताच छान म्हणायचो. यांच्या हातात कसर नव्हती, माझ्या कानात होती. अण्णा, माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगतो, तुमची माफी मागतो."

अण्णा माझ्या खुर्चीतून उठले, स्टेजवर येऊन गिटार गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "पोचली, दिलीप. आता जा, चार नंबर वर घे."